बाजूला काढून ठेवलेली वांगी

एका नदीकाठच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता आणि जिभेवर गोडवा होता, त्यामुळे पंचक्रोशीतली माणसे औषधाआधी त्यांच्या बोलण्यानेच निम्मी बरी होत. त्यांच्यापाशी श्रीपाद नावाचा एक शिष्य शिकत होता. तिशीच्या आतबाहेरचा, बुद्धीने तल्लख, पाठांतराला चोख. ग्रंथातले कोणतेही सूत्र विचारा, तो अडखळत नसे.

गुरूंची एकच गोष्ट त्याला मनापासून पटत नसे. गावात दर गुरुवारी आठवडी बाजार भरे, आणि त्या दिवशी गुरुजी दवाखाना बंद ठेवून बाजाराला जात. सकाळी गेलेले गुरुजी दुपार कलल्यावर परतायचे आणि पिशवीत पाहावे, तर मेथीची एक जुडी, चार मुळे, मूठभर हिरव्या मिरच्या. एवढ्या वेळात वीस रोगी तपासून झाले असते, असे श्रीपादच्या मनात येई. भाजी काय, दारावरही येते. पण गुरूंना कोण सांगणार? पुढे त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गुरुजींचे गुडघे धरले आणि त्यांचे बाजाराला जाणे थांबले. गुरुवारीही दवाखाना उघडा राहू लागला. श्रीपादला, खरे सांगायचे तर, थोडे बरे वाटले.

त्याच सुमारास गावातल्या जुन्या कापडव्यापाऱ्याच्या घरी दुःख झाले. त्र्यंबकशेठ त्यांचे नाव. चाळीस वर्षे त्यांनी गादीवर बसून कापड विकले होते. नुसत्या अंगठ्याने आणि बोटाने चाचपून ते कापडाचा पोत सांगत. आता दुकान मुलगा पाहत होता आणि शेठ निवांत झाले होते. दसरा सरला आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन गेल्या. रडारड झाली, दिवसकार्य झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. शेठ मात्र ओसरीवर बसले ते बसलेच.

मार्गशीर्षाच्या आरंभी त्यांची सून सुनंदा त्यांना घेऊन दवाखान्यात आली.

"मामंजी जेवत नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "पानावर बसतात, वरणात बोट बुडवतात आणि उठतात. बोलणंही बंद झालंय. आम्ही घरात सासूबाईंचं नावदेखील काढत नाही. उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची?"

गुरुजींनी शेठना नमस्कार केला आणि श्रीपादकडे पाहिले. "हा रोगी तू सांभाळ," ते म्हणाले.

श्रीपादला आनंद झाला. पहिल्यांदाच एक रोगी सर्वस्वी त्याच्यावर सोपवला गेला होता. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, ग्रंथ उघडले. अग्नी मंदावला आहे, हे निदान उघड होते. त्याने हिंगाष्टक चूर्ण दिले. आल्याचा रस सैंधव घालून दिला. मग द्राक्षासव दिले. शेठ सगळे निमूट घेत. सून रोज निरोप पाठवी की आज दोन घास, आज एक. तीन आठवड्यांनी शेठ पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या मनगटाभोवती श्रीपादच्या अंगठ्याला बोट सहज टेकले आणि वर जागा उरली. आपल्या हातून हा माणूस जाणार, असे त्याला स्पष्ट दिसले. अभिमान गिळून तो आत गेला आणि गुरूंना बाहेर घेऊन आला.

गुरुजी काठी टेकत आले. त्यांनी शेठचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. नाडी पाहायला एवढा वेळ लागत नाही, हे श्रीपादला माहीत होते.

"औषध आजपासून बंद," गुरुजी म्हणाले. "शेठ, माझंच एक काम कराल का?"

शेठनी मान वर केली.

"माझे हे गुडघे असे. उद्या गुरुवार. मला भरल्या वांग्यांची इच्छा झाली आहे. बाजारातून अर्धा किलो वांगी आणून द्याल? मात्र तुम्ही स्वतः निवडून आणायची. मुलाला धाडायचं नाही, गड्याला नाही. हा श्रीपाद सोबत येईल, पण तो पिशवीला हात लावणार नाही."

श्रीपादला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाला ओसरीवरून अंगणात जाताना धाप लागते, त्याला गुरुजी आपल्या जिभेच्या चोचल्यासाठी उन्हात भाजी आणायला पाठवत होते! पण शेठ नाही म्हणाले नाहीत. जन्मभर ते भिडस्त, त्यातून वैद्यबुवांचा शब्द. "बरं," एवढेच ते म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता.

दुसऱ्या दिवशी दोघे बाजारात गेले. शेठच्या हातात घरातली एक पिशवी होती, दुकानातल्या उरलेल्या रंगीत तुकड्यांची शिवलेली. नदीच्या वाळवंटालगत बाजार पसरला होता. शेठ कडेलाच थबकले. चाळीस वर्षे विकण्यात गेलेल्या या माणसाने घरासाठी कधी काही विकत घेतलेच नव्हते. घरात काय येते, कुठून येते, हे सारे अनसूयाबाई पाहत. समोर पहिलीच जी पाटी दिसली, तिच्यातली वांगी त्यांनी न पाहता घेतली आणि ते मागे फिरले.

गुरुजींनी एक वांगे कापले आणि आतले काळे बी दाखवले. "जून निघाली, शेठ. ही भरता नाही यायची. पुढच्या गुरुवारी पाहू."

शेठ ओशाळले. माल पारखण्यात आपण चुकलो, हे त्यांना कुठेतरी लागले असावे, कारण पुढच्या गुरुवारी ते श्रीपादच्या आधी तयार होऊन दारात उभे होते.

त्या दिवशी ते बाजारात सावकाश हिंडले. पाट्यांपुढे वाकून पाहू लागले. जिथे वांगी असतील तिथे थांबत, एखादे उचलत, बोटाने दाबत आणि न कळून परत ठेवत. असे करत करत ते बाजाराच्या अगदी टोकाला पोचले. तिथे होडीने पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या बाया बसत. त्यांतली एक साठीची बाई, हौसाबाई तिचे नाव, शेठची ती चाचपणी थोडा वेळ पाहत राहिली.

"बाबा, अंग काय दाबताय? देठ बघा देठ," ती म्हणाली. "हिरवा आन् काटेरी असंल तर कवळं. वाळला असंल तर आदल्या दिशीचं."

शेठनी देठ पाहिला. काटा बोटाला टोचला. हौसाबाई हसली, आणि तिची नजर त्यांच्या हातातल्या पिशवीवर गेली. तिचे हसू थांबले.

"ही पिशवी तर अनसूयाकाकीची. तुम्ही शेठ का? कापडवाले?"

शेठनी मान हलवली.

"आवो, मग काकी कुठं हायेत? दसऱ्यापास्नं दिसल्या न्हाईत. लेकीकडं गेल्या का? मी आपली दर बाजाराला त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवते. आन् सांजच्याला वाट बघून घरी घेऊन जाते."

श्रीपाद पुढे झाला. शेठना हा प्रश्न झेपणार नाही, आपणच काहीतरी सांगावे, असे त्याला वाटले. पण त्याच्या तोंडून शब्द फुटण्याआधी शेठ बोलले.

"ती गेली," ते म्हणाले.

एवढ्या दिवसांत हे वाक्य त्यांना कुणापुढे उच्चारावे लागले नव्हते. गावातल्या प्रत्येकाला ते आधीच माहीत होते.

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. शेजारच्या कोथिंबीरवालीनेही हातातली जुडी खाली ठेवली. मग हौसाबाईने मागचे ओले गोणपाट उचलले. त्याखाली दहा-बारा वांगी वेगळी ठेवलेली होती, लहान, जांभळी, पांढऱ्या रेघांची, एका मापाची. तिने ती एकेक करून शेठच्या पिशवीत घातली.

"त्यांचीच हायेत," ती म्हणाली. "तुमालाच लागायची ना ही? काकी म्हनायच्या, आमच्या शेठना वांगं देठासकट लागतं. देठ काढला तर पानात काय वाढलंय ते वळखायचं न्हाईत."

शेठ मट्‌कन खाली बसले. श्रीपाद घाबरला, पण त्यांना घेरी आलेली नव्हती. हौसाबाईने गोणपाटाची घडी त्यांच्याकडे सरकवली आणि ते त्यावर नीट मांडी घालून बसले.

"आणखी काय म्हणायची?" त्यांनी विचारले.

त्या दिवशी श्रीपाद उन्हात तासभर उभा राहिला. गिऱ्हाईक येई, हौसाबाई तागडी उचली, भाजी घाली आणि मागचा धागा पुन्हा धरी. काकी गवार घेताना प्रत्येक शेंग मोडून बघायच्या. काकींना घासाघीस करताच यायची नाही, भाव कमी केला की त्याच उलट वाईट वाटून घ्यायच्या. हौसाबाईच्या लेकीच्या लग्नात काकींनी शालू दिला आणि शेठना सांगू नकोस म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं," शेठ म्हणाले. "कपाटातून मीच पुढे काढून ठेवला होता. तिला उचलायला सोपा जावा म्हणून."

हौसाबाई हसत हसत रडली. शेठ रडले नाहीत. पण उठताना त्यांनी श्रीपादचा हात घेतला नाही, आपले आपण उठले.

ती वांगी गुरुजींपुढे ठेवली गेली. श्रीपादने इतकी सुरेख वांगी पाहिली नव्हती. गुरुजींनी एक उचलले, फिरवून पाहिले आणि खाली ठेवले.

"रंग जरा काळपट वाटतो. कडसर असतील. शेठ, पुढच्या गुरुवारी आणखी एकदा त्रास घ्या."

श्रीपादच्या कानशिलांत रक्त चढले. गुरूंविषयी इतका राग त्याला कधी आला नव्हता. शेठ पिशवी उचलून घरी गेले. सुनेला त्या वांग्यांची भाजी करायला सांगावी, इतके काही त्यांना त्या दिवशी सुचले नाही.

तिसऱ्या गुरुवारी मात्र बाजारात गेलेले शेठ वेगळेच होते. वाटेत पेरूवाल्याने तिखटमीठ लावून फोड पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि तोंडात धरून ठेवली. ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने "घाटे भरलेत का बघा" म्हणून डहाळा हातात दिला, तेव्हा शेठनी एक घाटा फोडून दाणा खाल्ला. पावट्याच्या शेंगांचा ढीग त्यांनी नुसताच हाताने वरखाली केला. मातीसकट उपटून आणलेली गाजरे, दव न सुकलेली मेथी, ताठ पानांची कांद्याची पात! ते प्रत्येकापुढे थांबत आणि प्रत्येकाकडून काहीतरी ऐकत. कुणाला आभाळाची काळजी होती, कुणाची गाय व्यायली होती. दोघाचौघांनी काकींची चौकशी केली आणि शेठनी प्रत्येकाला स्वतः सांगितले. दर वेळी सांगताना त्यांचा आवाज थोडा सुटत गेला. हौसाबाईने बाजूला काढलेली वांगी तयारच ठेवली होती. तिच्यापाशी ते आज आपणहून बसले.

दुपारी गुरुजींनी वांगी पाहिली आणि ओठ मुडपले. "कडूच दिसतात," ते म्हणाले.

"वैद्यबुवा!"

शेठचा आवाज एवढा चढला की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले.

"अहो, देठ बघा हा. हिरवागार आहे. काटा बघा. आज पहाटे तोडलंय हे. त्या बाईनं होडीतून मांडीवर ठेवून आणलंय आणि तुम्ही न चाखता त्याला कडू म्हणता? शेगडी कुठे आहे तुमची?"

काढ्यासाठी पेटवलेली शेगडी कोपऱ्यात होती. शेठनी काढ्याचे भांडे खाली उतरवले. श्रीपाद थांबवायला निघाला, तर गुरुजींनी काठी आडवी केली. शेठनी चार वांगी निखाऱ्यांवर टाकली. जन्मात त्यांनी चुलीला हात लावला नव्हता, त्यामुळे बोटे भाजली, राख उडाली. वांगी एका बाजूने करपली. गुरुजींच्या पत्नीने आतून निमूटपणे मीठ, तेल, एक कांदा आणि बाजरीची भाकरी आणून ठेवली. शेठनी सोललेले वांगे देठाला धरून मिठात बुडवले आणि तोंडात घातले.

"घ्या! कुठे आहे कडू?" ते भरल्या तोंडाने म्हणाले. "गोड आहे गोड!" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, दुसरा घास घेतला, मग तिसरा. चौथ्या घासाला त्यांचा हात थांबला. देठ बोटांत तसाच धरलेला होता. ते ओक्साबोक्शी रडू लागले.

कुणी त्यांना गप्प केले नाही. गुरुजी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, गुडघ्यांच्या कळा सोसत. बऱ्याच वेळाने शेठनी उपरण्याने डोळे पुसले. गुरुजींनी आणखी चतकोर भाकरी त्यांच्या ताटात सरकवली, आणि शेठनी ती खाल्ली.

ते गेल्यावर श्रीपाद गुरुजींना उठवायला पुढे झाला. त्याच्या मनात राग उरला नव्हता, पण गोंधळ पुष्कळ होता.

"गुरुजी, वांगी उत्तम होती. आपण दोनदा खोटं बोललात."

"बोललो," गुरुजी म्हणाले. "पहिल्या वेळची मात्र खरोखरच जून होती बरं का. पण हौसाबाईच्या मालाला मी नावं ठेवली, हे मला लागून राहिलंय. गुडघे बरे झाले की पहिली तिची क्षमा मागायची आहे."

"पण आपल्याला हे उमगलं कसं? मी तीन आठवडे ग्रंथ शोधत होतो."

गुरुजी भिंतीला टेकले.

"तुझं निदान चुकलं नव्हतं, अग्नी मंदच होता. फक्त तो कशाने मंदावला, ते तू पोटात शोधत राहिलास. अनसूयाबाई गेल्या, हे गावाला कळलं, घराला कळलं, आणि सगळ्यांनी प्रेमापोटी त्यांचं नाव घेणं सोडलं. त्या माणसाला दुःख बोलायला जागाच उरली नाही. मग मला आठवलं, एक ठिकाण असं आहे की जिथे त्या अजून गेलेल्या नाहीत. तिथे त्यांची अजून वाट पाहत असतील. दर गुरुवारी हौसाबाईच्या पाटीपुढे त्या माझ्याआधी उभ्या असायच्या, म्हणून मला हे माहीत. बाबा रे, भाजी दारावरही मिळते. 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत' हे बाजारातच मिळतं. जो पेरतो, तोडतो, डोक्यावरून आणतो, त्याच्या हातून आपण आपल्या हातात घेतो, तेव्हा त्या देण्याघेण्यात आपली विचारपूस होते. शेठनी जन्मभर माल दिला होता. कुणीतरी आपल्यासाठी काही बाजूला काढून ठेवतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं. एवढं कळलं की माणसाला पुन्हा भूक लागते."

श्रीपादने खाली मान घातली. पुढे पौष अर्धा सरला तेव्हा शेठचे मनगट भरू लागले होते आणि सुनंदा सांगत होती की मामंजी आता जेवताना सासूबाईंच्या गोष्टी सांगतात, पोरे हसतात.

संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी श्रीपाद बाजाराला गेला, ते कुणीही न सांगता. हौसाबाईपाशी शेठ भोगीची भाजी गोळा करत बसले होते. पावटे, गाजरे, ओला हरभरा, वांगी, सगळे हाताने निवडून. हौसाबाईने श्रीपादकडे पाहिले.

"सणाला घरी जानार ना? कोन असतं घरी?"

"आई असते."

"मग आईला काय आवडतं, सांगा. ताजं देते."

श्रीपाद उत्तर द्यायला गेला आणि थांबला. आईच्या हातचे आपल्याला काय आवडते ते त्याने धडाधडा सांगितले असते. आईला काय आवडते, हे त्याला ठाऊक नव्हते.

सणाला तो गावी गेला. तिथला बाजार रविवारचा. "मी येतो तुझ्याबरोबर," तो आईला म्हणाला, तेव्हा आईने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले. बाजारात तो तिच्या दोन पावले मागे पिशवी धरून चालत राहिला. तिने बटाटे घेतले, फ्लॉवर घेतला, त्याच्या आवडीची तोंडली शोधून काढली. मग एका पाटीपुढे ती वाकली. तिने शेपूची जुडी उचलली, डोळे मिटून तिचा वास घेतला आणि ती परत जागेवर ठेवली.

"घे ना," श्रीपाद म्हणाला.

"नको रे. तुझ्या वडिलांना वास सोसायचा नाही. तूही लहानपणी पानावरून उठून जायचास. पंचवीस वर्षं झाली, आपल्या घरात नाही होत शेपू."

श्रीपाद खाली वाकला. त्याने ती जुडी उचलली, तिच्याशेजारची आणखी एक उचलली, आणि दोन्ही जपून पिशवीत ठेवल्या. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती पुढच्या पाटीकडे निघाली, जरा भराभर.

त्या दिवशी त्या घरात शेपूची भाजी शिजली, आणि श्रीपादने आपल्याआधी आईचे पान वाढले.